दसरा काढ गं, पण भिंतीला आधी वाळू दे

आधी ते रंगांचं कार्ड मिट आणि कपाटात टाक बघ. काल फोनवर अर्धा तास तू मला विचारत होतीस, बैठकीला मोतिया की पिस्ता, पिस्ता की फिक्का आंबा. मागून पेंटर ओरडत होता, "अक्का, कल से शुरू करूं क्या?" तेही मला ऐकू येत होतं. मी मधेच विचारलं, "भिंतीवरून हात फिरवलास का गं?" तर तू गप्प. मग हळूच म्हणालीस, "हात कशाला?" तेव्हाच ठरवलं, हिला एकदा नीट बसवून सगळं सांगायला पाहिजे.

तुझी घाई मला कळते. दसरा तोंडावर आलाय. घट बसायच्या आत दसरा काढायचा, म्हणजे गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, माळ्यावरची भांडी खाली घ्यायची. त्यातच घरात ठरलं की यंदा रंगही उरकून टाकू. ठरवणारे चार जण आणि उरकणारी तू एकटी. पण भाकऱ्या थापता थापता दूधवाल्याचा हिशोब तोंडी करणारी बाई तू, भिंतीला काय घाबरतेस? भिंत लेकरासारखी असते बघ. तिला काय होतंय ते ती सांगते, आपण फक्त ऐकायच्या आधी अंगावर नवे कपडे चढवायला जातो.

खरं सांगू का, मी हेच केलं होतं. लग्नाला दीड वर्ष झालेलं, भालकीत भाड्याचं घर, आणि घटस्थापनेआधी बैठक चकाचक करायची हौस. वर्षानुवर्षांच्या चुन्याच्या थरावर मी सरळ नवा प्लॅस्टिक रंग लावून घेतला, तोही गुलाबी. दिवाळीपर्यंत सगळ्यांनी वाहवा केली. संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका आल्या, एक काकू भिंतीला टेकून बसल्या, आणि उठल्या तेव्हा त्यांच्या इरकलीच्या पाठीवर माझ्या बैठकीचा ताटलीएवढा पोपडा. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. वाण घेतलं आणि गेल्या. मी मात्र रात्रभर त्या उघड्या पडलेल्या चुन्याकडे बघत बसले.

नंतर कळलं की चूक रंगाची नव्हतीच. जुना चुना वरून पिठासारखा भुसभुशीत झालेला असतो. त्यावर रंग लावणं म्हणजे पिठावर साय पसरणं. साय जमते खरी, पण धरते कशाला? आपल्या शेजारणी कन्नडमध्ये रंगरंगोटीला ‘सुण्णा-बण्णा’ म्हणतात ना? सुण्णा म्हणजे चुना, बण्णा म्हणजे रंग. मला त्यातला क्रमच आवडतो बघ. आधी भिंतीचं अंग, मग तिचा थाट. रंगाचे हात दोन दिवसांत मारून होतात, त्याच्या आधीच्या कामाला आठ दिवस लागतात, आणि तेच आठ दिवस पुढची पाच वर्षं निभावतात.

म्हणून आज दुपारी लेकरं शाळेतून यायच्या आत तीन गोष्टी करून बघ. पहिली, कोरडा तळहात भिंतीवरून जोरात फिरव. हाताला पांढरं लागलं तर चुना किंवा जुनं डिस्टेंपर सुटलंय, ते खरवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. हात गार आणि चिकट लागला तर ओल आहे. दुसरी, रुंद चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीला घट्ट दाब आणि झटकन ओढ. सोबत रंगाचे तुकडे आले तर तो थर नव्या रंगाचंही ओझं पेलणार नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. प्लॅस्टिकच्या पिशवीचा दीड फुटाचा चौकोन काप आणि संशय असलेल्या जागी चारी बाजूंनी पट्टी लावून हवाबंद चिकटव. २४ तासांनी बघ. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत पाणी सोडतेय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ओल खोलीच्या हवेत आहे, खिडक्या उघड्या ठेव. एवढं केलंस की पेंटरपेक्षा तुला जास्त माहीत झालं असं समज.

आता तुझं घर. पुढचा सोपा आणि देवघर जुनं, लाल दगडाचं, वर मातीचं माळवद. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर नवं, सिमेंटचं, स्लॅबचं. आपल्याकडे निम्मी घरं अशीच, आजोबांचं पुढे आणि नातवाचं मागे. या दोन भिंतींची जात वेगळी आहे बघ, एकच औषध दोघींना देऊ नकोस.

बिदरचा लाल दगड, कोकणात ज्याला जांभा म्हणतात तो, अंगाने सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. मातीच्या लिंपणाची, चुन्याच्या गिलाव्याची भिंतही तशीच. तिच्या अंगावर प्लॅस्टिकचा रंग किंवा सिमेंटचा जाड गिलावा चढवलास की आतलं पाणी आतच कोंडतं. मग दोन वर्षांत ती जागा फुगते, टपाटप गळते, आणि आपण म्हणतो रंग खराब निघाला. जुन्या भिंतीला पुन्हा चुनाच लाव. यात कमीपणा काही नाही गं. आपल्या आज्या काय वेड्या होत्या, दरवर्षी कुंचा घेऊन उभ्या राहायच्या?

फक्त चुना लावायच्या आधी सुटलेला जुना थर कडक ब्रशने झाडून काढ, खड्डे माती-चुन्यानेच बुजव, आणि लावताना भिंतीवर पाण्याचा हलका शिपका मार, नाहीतर कोरडी भिंत चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि वर नुसती भुकटी उरते. कळीचा चुना आदल्या रात्री भिजव, फडक्यातून गाळ, भिजवलेला डिंक घाल आणि चिमूटभर नीळ. ताकासारखा पातळ ठेव, दोन-तीन हात मार. ओला असताना काहीच लागलं नाही असं दिसतं, घाबरू नकोस, वाळताना उजळतो. आणि चुना भिजवायला लोखंडी पिंप किंवा जुनं घमेलं घे. मी एकदा नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवला होता. कळीचा चुना पाणी प्यायला की उकळतो, हे शाळेत शिकलेलं मी साफ विसरले. सकाळी बादली एका बाजूला जीभ काढून बसलेली. हसतेस काय, तीच बादली पुढे आठ वर्षं फरशी पुसायला वापरली मी. पण गंमत बाजूला ठेव, पिंपाजवळ लेकरांना येऊ देऊ नकोस. चुना डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार भरपूर वेळ धरायची आणि तडक डॉक्टरकडे जायचं.

आता ओलीकडे येऊ, कारण तुझं खरं दुखणं तेच आहे. न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर खालून हातभर उंचीपर्यंत पांढरी मिठासारखी भुकटी येते म्हणालीस. तो लोणा. जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर फुलून बसतात. तू काय केलंस, ओल्या फडक्याने पुसलंस. मीही तेच करायचे. पण पाण्याने ते क्षार विरघळून परत आत जातात आणि आठ दिवसांत पुन्हा बाहेर हजर. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद पसरायचा आणि ती भुकटी घराबाहेर टाकायची. भिंतीत ओल आहे तोवर पुन्हा येईल, पुन्हा झाडायचं.

गंमत बघ, आपल्याला नकोसे झालेले असे क्षार बिदरी कामाला लागतात. बिदरी करणारे कारागीर किल्ल्याच्या जुन्या भागातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती आणतात, नवसागराबरोबर पाण्यात कालवतात, आणि त्यात जस्त-तांब्याचं भांडं काळंभोर होतं, चांदीची वेलबुट्टी मात्र तशीच चमकत राहते. त्यांच्या हाती जे सोनं, ते आपल्या बैठकीत संकट. जागा चुकली की असं होतं.

आणि ओल जमिनीतून वर चढते हे काही आपल्याला आज कळलेलं नाही. बिदरला महमूद गावानचा मदरसा पाहिलायस ना, सहलीला नेलं होतं आपल्याला, तू जिन्यात रडत बसलेलीस? १४७२ चं बांधकाम. ओल दगडांतून वर चढू नये म्हणून बांधणाऱ्यांनी खालच्या थरांत शिशाचे पातळ पत्रे घातले होते. वरच्या निळ्या-हिरव्या फरशांचं कौतुक सगळे करतात, पण माझं मन त्या पत्र्यांपाशी अडकतं. ज्यांना एवढ्या सुंदर भिंती सजवायच्या होत्या, त्यांनी सजावटीच्या आधी पाण्याचा विचार केला. आपण आपल्या एवढ्याशा घराला तेवढा विचार दिला तर बिघडतं काय?

तर रंगाआधी पाण्याची वाट शोध. न्हाणीचा पाइप आतून पाझरतोय का, मोरीच्या फरशीच्या फटी उघड्या आहेत का, बाहेरून भिंतीला लागून मातीचा ढीग किंवा सरपण रचलंय का, माळवदावरून उतरणारी पन्हाळी भिंतीवरच तर सांडत नाही ना. वरून सुरुवात कर, आधी छत, मग पन्हाळी, मग भिंत, मग पाया. छत गळतंय आणि तू भिंत रंगवतेस, तर तो खर्च नव्हे गं, दान आहे.

भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. तिच्यावर रंग लावला की ती रंगाखालून वर येते, आणि दर पावसाळ्यात जास्त ऐटीत येते. धुण्याचं ब्लीच एक वाटी आणि पाणी तीन वाट्या, हातात मोजे, खिडक्या उघड्या. लावून पंधरा-वीस मिनिटं थांब, घास, साध्या पाण्याने पूस आणि पूर्ण वाळू दे. त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नकोस, विषारी वायू निघतो. माझी शपथ आहे बघ.

ॲसिडवरून आठवलं. आपल्या फरशा शहाबादी. तो चुनखडीचा दगड, ॲसिड लागलं की खाल्ला जातो. गुलबर्ग्याला, म्हणजे आता कलबुर्गी म्हणायचं, आम्ही राहायला गेलो तेव्हा मी फरशीवरचे रंगाचे थेंब काढायला बाटलीभर ॲसिड ओतलं. फेस आला, मला वाटलं निघतंय सगळं. निघाली फरशीची वरची कातडी. थेंब गेले आणि पातेल्याएवढे पांढरट डाग राहिले, ते घर सोडेपर्यंत मी त्यांच्यावर सतरंजी टाकून बसायचे. तेव्हा ऐक, खरवडायला सुरुवात करायच्या आधीच फरशीवर जुनी पोती पसर, वर वर्तमानपत्रं टाक, कडा चिकटपट्टीने धर. थेंब पडला तर ओला असतानाच पूस. फरशी झाकायला अर्धा तास जातो, फरशी वाचवायला जन्म.

खरवडायचं कसं तेही सांगते. सुटलेलं तेवढं पत्र्याने काढायचं. घट्ट बसलेला रंग उगाच उकरू नकोस, त्याने आपलं काम चोख केलंय. चुन्याचे जाड थर असतील तर पाणी मारून दहा मिनिटं मुरू दे, मग खरवड, धूळ कमी उडते आणि हातही कमी दुखतो. तोंडाला ओढणी नको, चांगला मास्क लाव. घरात दम्याचं माणूस असेल तर त्या दिवशी त्यांना लेकीकडे पाठव, मानाने पाठव, हाकलल्यासारखं नको.

स्वयंपाकघराची भिंत ही वेगळीच सासू आहे. फोडणीच्या तेलाची वाफ वर्षानुवर्षं बसून तिच्यावर पिवळट पापुद्रा तयार होतो, त्यावर रंग घसरतो. पाण्याचे चार थेंब शिंपडून बघ. थेंब मोत्यासारखे गोल होऊन ओघळले तर तेल आहे. बादलीभर गरम पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा घाल, हातमोजे चढव, घासणीने खालून वर घास आणि दोनदा स्वच्छ पाण्याने पूस. सोडा भिंतीवर राहिला तर तोही रंग धरू देत नाही. देवघराच्या कोनाड्यात समईची काजळी असते, तिला आधी कोरड्या फडक्याने हलकेच टिपून घे, ओलं फडकं लावलंस तर काजळ लावल्यासारखी पसरेल. मग साबणाचं पाणी. तरी डाग वर येत असेल तर तिथे पांढरा रंग चार वेळा मारत बसू नकोस, तेलाचा, डाग दाबून धरणारा प्रायमर एक हात लाव. पाणी वापरताना स्विचबोर्डाजवळ मेन बंद, हे मी सांगायला नको.

आता भेगा. तुझा आवाज सगळ्यात जास्त इथेच कापत होता. मागच्या खोल्या काळ्या मातीवर आहेत. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. त्यामुळे केसासारख्या बारीक रेघा आपल्याकडे घरोघरी दिसतात, त्यात काही भिण्यासारखं नाही. पत्र्याच्या कोपऱ्याने रेघ थोडी उघडायची, आतली धूळ काढायची, पाण्याचं बोट फिरवायचं आणि भेग भरायचा मसाला दाबून भरायचा. वरवर लिंपलंस तर महिन्याभरात रेघ पुन्हा डोकावते.

पण जी भेग नाणं उभं शिरेल एवढी रुंद आहे, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालीय, तिच्यावर लगेच काही भरू नकोस. तिच्या आडवा कागदाचा बारीक तुकडा खळीने चिकटव आणि पेन्सिलीने तारीख लिही. कागद फाटला किंवा ताणला तर भेग अजून चालतेय, तेव्हा पेंटर नको, इंजिनिअर बोलाव. ही आईची पद्धत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपल्याकडेही घरं हलली, आणि त्यानंतर आई वर्षानुवर्षं मागच्या भिंतीवर अशा तारखा लिहायची. आम्ही तिला हसायचो. रंग द्यायची वेळ आली की ती भिंतच आमची वही असायची, कुठली भेग शांत झाली आणि कुठली अजून जागी आहे याची.

भिंत कोरडी, स्वच्छ आणि भरलेली झाली की नव्या खोल्यांना लांबी. तुझा पेंटर हैदराबादकडे काम शिकलेला असेल तर लप्पम म्हणेल, पुट्टी म्हणेल, एकच. नवा गिलावा केला असेल तर त्याला किमान २८ दिवस द्यायचे, पाणी मारून मुरवायचा आणि मग वाळवायचा. लांबी साधारण किलोला ३५० ते ४०० मिली पाणी घालून श्रीखंडाइतकी घट्ट कालवायची, आणि दोन-तीन तासांत संपेल तेवढीच. मी एकदा हौसेने घमेलंभर कालवून जेवायला बसले. वरण-भात, त्यावर झोप. उठले तर घमेल्यात दगड. हात दोन, दोन्ही पातळ, पहिला वाळल्यावरच दुसरा. एका जाड हातात खड्डा बुजवायचा मोह होतो, तोच नंतर तडकतो.

मग पॉलिश पेपर, आधी १८० नंबरचा, नंतर ३२० चा. घासून झालं की रात्री दिवे घालव आणि मोबाइलची बॅटरी भिंतीला अगदी लावून आडवी धर. दिवसा जी भिंत तुला आरशासारखी वाटली तिच्यावर टेकड्या आणि दऱ्या दिसतील बघ. तिथे पेन्सिलीने गोल कर, सकाळी पेंटर येईल तेव्हा गोल मोजून दाखव. पहिल्या दिवशी तो वैतागेल, दुसऱ्या दिवसापासून स्वतःच बॅटरी मागेल. घासल्यावर भिंत कोरड्या फडक्याने पुसायची, कारण धुळीवर प्रायमर लावलास की पुन्हा माझी इरकलीची गोष्ट. प्रायमर डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, आणि तो पूर्ण वाळल्यावरच रंग.

दारं-खिडक्या राहिल्या. लाकडाच्या खिळ्यांच्या भोकांत पूर्वी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून भरायचे, आजही चालतं. तेल हं, जवसाची चटणी नव्हे गं, नाहीतर तू वाटायला बसशील. लोखंडी गजांचा गंज तारेच्या ब्रशने काढ, पूस, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लाव, एक रात्र उघडे ठेवलेस तर दवाने पुन्हा गंज धरतो. जुना चकचकीत ऑइलपेंट असेल तर त्याची चमक घासून मारल्याशिवाय नवा रंग चिकटत नाही.

पण इथे जरा थांब आणि हे लक्ष देऊन ऐक. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. २०१६ च्या नियमाने घरच्या रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग ठरली, आणि तिचा अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या काळातलं ते हिरवं दार संशयित. ते कोरडं घासू नकोस, पाणी मारत मारत घास, धूळ झाडू नकोस, ओल्या फडक्याने टिपून कचऱ्यात टाक. लेकरं आणि तुझी दिवस गेलेली जाऊ त्या दिवशी घरात नकोत. मदरशाच्या पायात शिसं उपयोगाचं होतं, लेकराच्या पोटात ते विष आहे.

आता पेंटरशी बोलायचं. तू गोड बोलतेस आणि मग मनातल्या मनात कुढतेस, मला माहीत आहे. दर ठरवताना खरवडणं, भेगा भरणं, लांबीचे हात किती, घासणं, प्रायमर, रंगाचे हात किती, असं वेगवेगळं कागदावर लिहून घे. "सब हो जाएगा अक्का" याला दर नसतो. पैसे कामाच्या टप्प्यांवर दे, लांबी घासून झाली आणि तुझा तळहात स्वच्छ निघाला की दुसरा हप्ता. चहा मात्र वेळेवर दे, दोन वेळा. धुळीत दिवसभर हात वर करून उभं राहणं सोपं नसतं.

आणि शेवटी दसऱ्याचा प्रश्न, त्याआधी रंग उरकेल का. खरं सांगू का, दसऱ्याची वेळ सफाईला उत्तम आणि रंगाला वाईट. चार महिने भिंत पाणी प्यायलीय, पाऊस आपल्याकडून नुकता काढता पाय घेतोय, कधी कधी तेवढंही नाही. म्हणून असं कर. घट बसायच्या आत सामान हलव, जाळ्या काढ, लोणा झाड, सुटलेलं खरवड, गळती बंद कर आणि खिडक्या उघड्या टाकून भिंतीला वारा खाऊ दे. सोप्याला आणि देवघराला, जिथे कोरडं आहे तिथे, चुन्याचा हात मार आणि दारावर झेंडूचं तोरण बांध, दसरा साजरा झाला. दिवाळीपर्यंत दारं, गज आणि पिशवीच्या परीक्षेत पास झालेल्या खोल्या. न्हाणीजवळची ती रडकी भिंत संक्रांतीनंतर. मे महिन्यावर मात्र ढकलू नकोस, उन्हाने भिंत तव्यासारखी तापते आणि लांबी हाताखालीच सुकते.

सासूबाई विचारतील, पाहुणे आले तर खरवडलेली भिंत दिसेल त्याचं काय? त्यांना सांग, अक्काने सांगितलंय. माझ्या नावावर आजवर एवढं खपलंय, त्यात हेही खपेल. तरी तोंड वाकडं झालं तर इरकलीची गोष्ट सांग, त्या काकू त्यांच्या मावसबहीणच लागतात.

आता ऊठ आणि आधी ती प्लॅस्टिकची पिशवी काप, न्हाणीच्या भिंतीला लाव. उद्या याच वेळेला फोन कर. मोतिया की पिस्ता ते मला विचारू नकोस, थेंब आत होते की बाहेर तेवढं सांग.